सांध्यातला नमदा

“पुन्हा ठोक,” हे म्हणाले.

मी बोटाच्या पेराने पेटीच्या कुशीवर ठोकलं. टक्. मेलेला, कोरडा आवाज आला. असाच यायला हवा होता.

“आता वर. कोपऱ्यापाशी.”

मी कोपऱ्यापाशी ठोकलं. टण्ण.

“ऐकलंस?”

“ऐकलं.”

“गातेय सटवी,” हे म्हणाले आणि भिंतीकडे तोंड करून बसले.

स्पीकरच्या पेटीने गायचं नसतं. गाणं आत बसवलेल्या कागदी पडद्याचं, पेटीने फक्त तोंड मिटून त्याला धरून ठेवायचं. घरातल्या बाईसारखं, असं मी एकदा म्हणाले होते, तेव्हा हे हसले होते. स्टुडिओतल्या पेटीला तर हा नियम जास्तच कडक. तिच्यासमोर बसून लोक गाणं बरं झालं की वाईट ते ठरवतात. तिनेच मधे आपला सूर मिसळला तर कुणाला काय कळणार?

तर पेटी ठोकून बघणं हे या धंद्यातलं शेवटचं आणि मानाचं काम. ते काम नेहमी यांचंच. मला पेटीला हात लावायची परवानगी होती ती फक्त आतून, डांबराचे जड तक्ते चिकटवण्यापुरती. पातळ फळीला आतून तक्ता लावायचा, तळव्याने दाबून धरायचा, सरस पकडेपर्यंत सोडायचा नाही. सगळं आयुष्य मी असं फळ्यांना गप्प बसवण्यात घालवलं. आणि त्या उन्हाळ्यापासून हे मला म्हणायला लागले, “तू ठोक.” का, ते मी विचारलं नाही. मी पाहिलं होतं. यांनी ठोकायला बोट उचललं की ते एकदा ठोकून थांबत नसे.

उजवा हात हे एप्रनच्या खिशात ठेवायचे. झाकली मूठ सव्वा लाखाची. जेवताना वाटी डाव्या हाताने तोंडाशी न्यायचे आणि जेवायच्या काड्या उजव्या हाताने वाटीच्या काठाला टेकवून धरायचे, म्हणजे थरथर दिसू नये. काड्या काठावर किटकिट वाजत. मी रेडिओ मोठा करायचे.

“डॉक्टरांकडे जाऊन येऊ या का?”

“डॉक्टर काय करील? रंधा मारील?”

विषय संपला.

आमचं घर शिझुओकाला, नदीच्या अलीकडे. यांचे वडील कपड्यांच्या पेट्या आणि कपाटं करायचे, खिळा न वापरता, फक्त सांध्यावर. हेही तेच शिकले. पुढे कपाटांना गिऱ्हाईक राहिलं नाही, तेव्हा स्पीकरच्या कंपनीने अशा कारागिरांना धरलं. घराघरांतल्या स्पीकरांसाठी पेट्या, मग स्टुडिओंसाठी. आता कंपनीने नवं यंत्र आणलं होतं. लाकडाचा भुसा दाबून केलेली फळी, तिच्यावर लाकडाच्या रंगाचा प्लास्टिकचा कागद, यंत्र तिला खाचा पाडतं आणि मिठाईच्या खोक्यासारखी घडी घालतं. झाली पेटी. हे त्या फळीला बिस्किट म्हणायचे. “चहात बुडव, विरघळेल.”

पण बिस्किटाने गल्लीतली एकेक कार्यशाळा खाल्ली. समोरचे कामेई-सान आता शाळेत पहारेकरी होते. आमच्याकडे फक्त स्टुडिओच्या पेट्या उरल्या होत्या, त्याही कुनिएदामुळे.

कुनिएदा कंपनीत पेट्यांची रचना करायचा. चष्मा, विरळ केस, सतत काहीतरी खात असलेला चाळिशीचा माणूस. वरच्या लोकांशी भांडून त्याने आमच्यासाठी पेट्यांचा एक जोड मागून घेतला होता. तोक्योतल्या एका मोठ्या स्टुडिओत लावायचा. तो पसंत पडला तर स्टुडिओचं काम लाकडात आणि हाताने चालू राहणार होतं. नाही पडला तर तिथेही बिस्किट. हे त्याने आम्हाला स्पष्ट सांगितलं, आमच्याच ओट्यावर, आमचेच भाजलेले तांदळाचे पापड खात.

“होसोई-सान, या वेळी आकारच वेगळा. समोरासमोरच्या दोन भिंती समांतर नकोत. आवाज त्यांच्यात सापडला की इकडून तिकडे आपटत राहतो, बाहेरच पडत नाही. म्हणून दोन्ही कुशी मागे निमुळत्या. माथाही उतरता.”

“म्हणजे एकही कोपरा काटकोनात नाही,” हे म्हणाले. डोळे चमकले होते यांचे. “गुण्या ठेवला गुंडाळून.”

“आणि पुढच्या कडा गोल. आवाज कडेला ठेचकाळतो.”

“आवाजाला आता पाय पण फुटले?”

“फुटलेत. काकू, अजून एक पापड द्या. फळी भूर्जाच्या प्लायवूडची, पातळ. जाड नको.”

“मी झेल्कोवाचं लाकूड वापरणार होतो. दगड आहे दगड.”

“तेच नको! दगडासारखी घट्ट पेटी वाजत नाही असं थोडंच आहे. ती वाजते, पण वरच्या सुरात, नेमकी माणसाचा आवाज असतो तिथे. मग बोलणारा माणूस डब्यात बसून बोलल्यासारखा वाटतो. फळी पातळ असली, आतून काकूंचे तक्ते असले, की थरथर खालच्या सुरात उतरते आणि तिथेच जिरते. आणि…” इथे तो जरा चाचरला. “सांधे थोडे सैल ठेवलेत तर…”

“काय ठेवले तर?”

“सैल. म्हणजे हवा जाता कामा नये, पण किंचित… मऊ.”

यांनी डाव्या हाताने पापडांची ताटली त्याच्यापुढून सरकवली. मग म्हणाले, “कुनिएदा-सान, तुम्ही शिकलेली माणसं. पण सुताराला सांधा सैल ठेव म्हणणं म्हणजे आचाऱ्याला भात कच्चा ठेव म्हणणं झालं. माझ्या बापाने मला सैल सांध्यापायी रंध्याने मारलंय. मी तुम्हाला असा सांधा देईन की पाणी भरलंत तरी थेंब गळणार नाही.”

कुनिएदाने माझ्याकडे पाहिलं. मी चहा ओतत राहिले. यांचा हात खिशात होता.

तो गेल्यावर यांनी कामाला सुरुवात केली आणि आमच्या घराचा सत्यानाश सुरू झाला.

नाचता येईना अंगण वाकडं असं लोक म्हणतात. इथे अंगण खरोखरच वाकडं होतं. दोन बाजूंनी तिरका कापायचा सांधा चांगल्या हातालाही घाम फोडतो. यांनी कार्यशाळेचं दार आतून लावून घ्यायला सुरुवात केली. मी बाहेरून ऐकायचे. करवत चालायची, थांबायची, बराच वेळ काहीच नाही, मग पटाशी दगडी जमिनीवर पडल्याचा आवाज. मी विचारलं की, “चाललंय.”

आमची न्हाणी लाकडाच्या तुकड्यांवर तापते. एके संध्याकाळी मी चुलीशी बसले होते आणि धुराला सरसाचा वास आला. जुन्या फळकुटांना असा वास नसतो. मी चिमट्याने एक तुकडा बाहेर ओढला. भूर्जाचं नवंकोरं प्लायवूड होतं, अर्धा सांधा कापलेलं. कडेला कापाच्या जागी दात उमटले होते, उंदराने कुरतडल्यासारखे. चुलीत तसे आणखी होते. किती दिवस आम्ही यांच्या हुकलेल्या सांध्यांवर पाणी तापवून अंघोळ करत होतो, कुणास ठाऊक.

मी तो तुकडा घेऊन गेले आणि दारावर थाप मारली.

“उघडा.”

“काम चाललंय.”

“काम चुलीत जळतंय. उघडा आधी.”

दार उघडलं. जमिनीवर पेटीच्या फळ्या मांडल्या होत्या. मधे हे उकिडवे बसले होते. उजवं मनगट यांनी दोरीने करवतीच्या मुठीला बांधलं होतं. यांना वाटलं होतं, बांधला तर हात सरळ चालेल. मनगटावर रक्त आलं होतं.

मला रडू आलं नाही, राग आला. कुणाचा ते कळेना. मी दोरी सोडायला बसले आणि गाठ सुटेना.

“कुनिएदाला फोन करू,” मी म्हणाले. “सांगू, तब्येत बरी नाही.”

“आणि मग?”

नववर्षाच्या दिवशी सगळा गाव देवळात जातो तेव्हाही हा माणूस कार्यशाळेत येऊन नुसता बसतो. काम गेलं तर मी या माणसाचं काय करायचं होतं? खिडकीत ठेवायचं होतं का?

“फटी किती आहेत?” मी विचारलं.

“नखभर. कुठे जास्त. सरस भरून भागणार नाही, हवा जाईल. शिट्टी वाजेल पेटीत.”

माझ्याकडे लोकरीचा नमदा होता, पेटीत आतून लावतात तो. मी त्याची बारीक पट्टी कापली आणि फटीत कोंबून दाखवली. बसली.

“मऊ सरसात भिजवून घालू. वरून स्क्रू पिळू. हवा जाणार नाही.”

यांनी त्या पट्टीकडे असं पाहिलं, जणू मी घरात मेलेलं मांजर आणलंय.

“सांध्यात चिंध्या भरायच्या?”

“तुम्ही दुसरं काही सांगा, मी ते करते.”

मी पट्ट्या कापत राहिले, हे एकेक कोंबत राहिले. सगळ्या सांध्यांतून. पेट्या उभ्या राहिल्या. बाहेरून लाकडाची पातळ साल चढवल्यावर दिसायला सुरेख होत्या, गोल कडा, मागे निमुळती कूस. यांनी मला ठोकायलाही सांगितलं नाही. मागची फळी बसवण्याआधी तिच्या आतल्या बाजूला तापवलेल्या लोखंडाने आपल्या नावाचा शिक्का उमटवायची आमच्याकडे रीत आहे. कुणाला दिसत नाही, पण प्रत्येक पेटीत असतो. यांनी शिक्का तापवला नाही.

“या द्यायच्या नाहीत,” हे म्हणाले. “मी कळवतो, जमलं नाही म्हणून.”

पण कळवलं नाही. दुसऱ्या दिवशी कंपनीचा टेम्पो दारात आला. हे माजघरात पाठ करून बसले. चालकाने हाक मारली, मी यांच्या पाठीकडे पाहिलं, पाठ हलली नाही. मी आणि चालकाने पेट्या उचलल्या. दारातून नेताना एक चौकटीला घासली. आवाज यांच्यापर्यंत गेला असणार. तरी हे उठले नाहीत.

आठवड्याने कुनिएदाचा फोन आला. पेट्या स्टुडिओत लावल्या आहेत, होसोई-सान आणि काकूंनी येऊन जावं, साहेबही असतील. बाकी त्याने काही सांगितलं नाही. साहेबांसमोर बोलावलं म्हणजे काय, ते आम्हाला कळायला हवं तेवढं कळलं.

यांनी मयतीला घालायचा काळा सूट काढला. मी स्टेशनसमोरच्या दुकानातून योकान या घट्ट गोड वड्यांचा खोका घेतला. त्या दुकानाच्या कागदात बांधलेला योकान आमच्याकडे माफी मागायला जाताना नेतात. जितकी चूक मोठी, तितका जड खोका. मी सगळ्यात जड घेतला.

गाडीत हे एकच वाक्य बोलले. “मी स्वतः सांगणार. तू मधे बोलायचं नाहीस.”

स्टुडिओत गालिचा इतका जाड होता की पावलं वाजत नव्हती. काचेपलीकडे यंत्रं होती आणि समोर, भिंतीशी, आमच्या दोन पेट्या. कुनिएदा, दोन साहेब आणि स्टुडिओचे तिघे-चौघे उभे होते. हे दारातच कमरेतून वाकले. योकान पुढे केला.

“असली वस्तू आपल्या हाती दिली. तोंड दाखवायला जागा नाही. क्षमा असावी.”

साहेब यांच्याहून जास्त वाकले.

“छे छे, होसोई-सान! उलट आम्हीच तुम्हाला एवढ्या लांब बोलावलं.”

आमच्याकडे जेवण वाढतानाही ‘काही केलेलं नाही हो’ असं म्हणतात, दहा पदार्थ मांडून. आपलं काम वाईट म्हणायचं, आपली बायको मूर्ख म्हणायची. यांनी माफी मागितली आणि त्या शब्दांना कुणी माफी म्हणून घेतलंच नाही. सगळ्यांना ते सौजन्य वाटलं.

“आधी ऐका तर,” कुनिएदा म्हणाला. तोंडात चक्क काही नव्हतं त्याच्या. “डोळे मिटा.”

आम्ही बसलो. पेट्यांसमोर पडदा ओढला गेला. पडद्यामागून एक म्हातारा माणूस मच्छीमारांसाठीचे वाऱ्याचे अंदाज वाचायला लागला. शांत, घोगरा आवाज, मधेच घसा खाकरत. मग तो थांबला आणि पुन्हा वाचायला लागला.

“पहिल्यांदा माणूस होता की पेटी?” कुनिएदाने विचारलं.

मला सांगता आलं नाही. पडदा बाजूला झाला. म्हातारा पेट्यांच्या मधे खुर्चीवर बसला होता, आणि तो हसत होता, आणि त्याचं तोंड मिटलेलं असतानाही त्याचा आवाज वारे सांगत होता.

“आम्हालाही ओळखता येत नाही!” कुनिएदाचा आवाज चढला. “कोपऱ्यात बोट ठेवा, काही नाही. थरथर सांध्यातच जिरते. होसोई-सान, मी सैल म्हणालो तेव्हा तुम्ही मला केवढं झापलंत, आणि मी गेल्यावर नमदा घातलात! मला सुचलं नव्हतं ते. तुमच्या हातून झालेली ही सगळ्यात चांगली पेटी आहे.”

हे उभे राहिले. “ते मुद्दाम केलं नाही. माझा हात गेलाय. सांधा बसेना. म्हणून चिंध्या भरल्या.”

मग मोठे साहेब हसले, मनापासून.

“कुनिएदा, ऐकलंस? जुना कारागीर असाच बोलणार. हात गेलाय म्हणे!”

सगळे हसले. हे पुन्हा म्हणाले, “खरंच गेलाय.” तेव्हा तर एकाने टाळी दिली.

मी असं काही पाहिलं नव्हतं. माणूस बुडतोय, ओरडून सांगतोय, आणि काठावरचे लोक म्हणताहेत, काय सुंदर पोहतो. मला किंचाळावंसं वाटलं, पण मी बोलायचं नव्हतं.

“असेच जोड आणखी हवेत,” साहेब म्हणाले. “बाकीच्या स्टुडिओंसाठी. अगदी असेच. आणि एक राहिलंय, तुमचा शिक्का नाही यात.”

कुनिएदाने एका पेटीची मागची फळी उघडून आणली. टेबलावर पांढरं फडकं, फडक्यावर फळी. शेजारी शाई आणि कुंचला.

“शिक्का नाही, तर सहीच करा, होसोई-सान. सगळ्यांसमोर.”

लोक टेबलाभोवती जमले. यांचा हात खिशात होता. मी पुढे झाले. “मी करते,” म्हणाले, “आतलं काम माझंच असतं,” आणि कुंचल्याला हात घातला. मी हसतसुद्धा होते. अशा वेळी मला हसता येतं.

“नको,” हे म्हणाले. “राहू दे.”

यांनी खिशातून उजवा हात काढला. कुंचला उचलला, शाईत बुडवला. शाईची वाटी किटकिट वाजली. इथे मोठा करायला रेडिओ नव्हता. कुंचल्याचं टोक फळीवर यायच्या आधीच फडक्यावर थेंब उडाले. मग हे लिहायला लागले. घाई केली नाही. डाव्या हाताने उजवा धरला नाही. ‘होसोई’ लिहिलं, ‘तोकुजी’ लिहिलं, एकेक रेघ जशी जाईल तशी जाऊ दिली. मुंगीचे पाय शाईत बुडवून तिला फळीवर सोडावं तसं ते नाव झालं. वाचता येत नव्हतं.

यांनी कुंचला ठेवला आणि हात तसाच पुढे धरला, सगळ्यांना दिसेल असा.

कुणी हसलं नाही. मोठ्या साहेबांनी योकानच्या खोक्याकडे पाहिलं, आणि मला दिसलं की आता त्यांना तो खोका काय आहे ते समजलं. कुनिएदाचा चष्मा धुरकटला होता. तो फळीकडे बघत राहिला.

“असेच आणखी,” हे म्हणाले, “मला जमणार नाहीत. हे माझ्याने झालेले नाहीत, हे झाले. नमद्याचं माप हिला ठाऊक आहे. हिला विचारा आणि दुसऱ्या कुणाकडून करून घ्या. लाकडात करा मात्र. बिस्किटात नको.”

कुनिएदाने शाई वाळू दिली. मग फळी स्वतः उचलली, अक्षरं आत जातील अशी बसवली आणि एकेक स्क्रू पिळला. कुणाला मदत करू दिली नाही. शेवटचा स्क्रू झाल्यावर तो पेटीसमोर वाकला की यांच्यासमोर, ते मला कळलं नाही. हे तिच्या शेजारीच उभे होते.

परतीच्या गाडीत आम्ही खिडकीशी समोरासमोर बसलो. मी फलाटावरून चहा घेतला होता. यांनी पेला उजव्या हातात घेतला. चहा हिंदकळून काळ्या पँटवर सांडला, तरी यांनी हात बदलला नाही. पेला संपल्यावर यांनी हात गुडघ्यावर ठेवला, उघडा, खिशाबाहेर. शेजारच्या बाईने पाहिलं आणि नजर वळवली.

हात थरथरत होता. मी सवयीने माझा तळवा पुढे केला, वरून दाबून धरायला. तक्ता दाबते तसाच. मग परत घेतला आणि मांडीवर ठेवला.

“योकान जड होता,” हे म्हणाले. “त्यांना आवडेल.”

“आवडेल,” मी म्हणाले.